आगीला पुरून उरलेले कर्तृत्व

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले, म्हणजे सातारा जिल्हा मागे पडल्यावर थोड्याच वेळात किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक लागते. पूर्वी या स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते. एका पुरुषाने आपल्या कर्तबगारीने येथील उजाड माळावर गाव वसविले आणि पुढे रेल्वेनेही त्या गावाचे नाव आपल्या स्थानकाला दिले. तो पुरुष म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला लोखंडी नांगर दिला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परंतु पाणी वर चढविणारे पंप आपल्या देशात तयार करण्याच्या कामीही त्यांचा कारखाना अग्रभागी होता. पाणी उंच चढविण्याची ही विद्या जशी पिकाला जीवन देते, तशीच ती आगीत सापडलेल्या इमारतींना आणि माणसांनाही वाचविते. दैवगती मात्र अशी, की हाच कारखाना एके दिवशी आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. त्या आगीने लक्ष्मणरावांची जशी परीक्षा पाहिली, तशी फारच थोड्या कारखानदारांची पाहिली असेल.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा जिल्हा आज कर्नाटक राज्यात आहे. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. पुत्राचे मन मात्र पोथ्यांत रमत नसे आणि शाळेच्या पुस्तकांतही रमत नसे. चित्रे काढावीत, यंत्रे उलगडून पाहावीत, याचीच त्यांना आवड. ही आवड पाहून वडील बंधू रामूअण्णा त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईस चित्रकला शिकण्यासाठी गेले. जे. जे. कलाशाळेत त्यांचा हात चांगला चालू लागला. परंतु तेथे एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नव्हता. चित्रकाराला याहून मोठी अडचण ती कोणती? दुसरा कोणी असता, तर नशिबाला दोष देत घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. ज्या कामात रंगांची गरज नाही आणि रेषेला मात्र फार मोल आहे, असे यंत्रांच्या आराखड्यांचे काम त्यांनी निवडले. त्यात ते इतके प्रवीण झाले, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली.

तेथे शिकवीत असता त्यांनी यंत्रशाळेतील प्रत्येक यंत्र हाताळून समजून घेतले. त्याच काळात सायकल हे नवे वाहन मुंबईत दिसू लागले होते. त्यांनी ते आपल्या बंधूंकडे बेळगावास पाठविण्यास आरंभ केला आणि १८८८ साली किर्लोस्कर बंधूंचे लहानसे दुकान सुरू झाले. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. पारतंत्र्याच्या त्या काळात असे अन्याय मुकाट्याने गिळण्याचीच रीत होती. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास परत आले.

बेळगावास त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि नंतर लोखंडी नांगर घडविला. लाकडी नांगर जमीन वरवर खरवडतो, लोखंडी नांगर ती खोलवर उलथून टाकतो, हे त्यांना दिसत होते. शेतकऱ्यांना मात्र ते पटेना. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीला विष बाधते, अशी त्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ज्यांनी ते वापरले, त्यांच्या शेतांनीच मग इतरांची खात्री पटविली. धंदा जरा स्थिरावतो न स्थिरावतो, तोच दुसरे संकट उभे राहिले. कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. कारखाना हलविणे भाग होते आणि हाताशी ना जमीन होती, ना पैसा.

याच वेळी सातारा भागातील औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावून आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, गुणग्राही होते. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन लक्ष्मणरावांना देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. ती जमीन म्हणजे निवडुंगाने माजलेला माळ होता. सापांचा सुळसुळाट होता आणि पाण्याचे दुर्भिक्ष होते. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव आपले सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन तेथे आले. निवडुंग तोडला गेला, घरे उठली, रस्ते आखले गेले. कारखान्याबरोबर एक गावही वाढू लागले. या गावात अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या आणि समाजाने दूर लोटलेल्या काही माणसांवर लक्ष्मणरावांनी विश्वास टाकला आणि त्यांनाच रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ती माणसे त्या विश्वासाला जागली.

नांगरासाठी लोखंड वितळवावे लागते आणि त्याकरिता भट्टी पेटवावी लागते. अग्नी हा या कारखान्याचा पहिल्यापासूनचा सोबती होता. भट्टीच्या चौकटीत कोंडलेला अग्नी माणसाचा चाकर असतो. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे लोखंड दुर्मिळ झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या, निरुपयोगी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. ज्या तोफांनी एके काळी आग ओकली, त्याच या भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. १९२० साली हा व्यवसाय किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीच्या रूपाने नोंदला गेला.

नांगराने जमीन खोल नांगरली, तरी पाण्यावाचून ती कोरडीच राहावयाची. त्या काळी विहिरीचे पाणी मोटेने वर काढीत. बैल उतारावरून पुढे गेले की मोट वर येई, ते मागे आले की खाली जाई. दिवसभर बैल आणि माणूस घामाघूम होत, तेव्हा कोठे थोडे रान भिजे. लक्ष्मणरावांच्या कारखान्याने प्रथम हाताने चालविण्याचे पंप तयार केले आणि १९२६ साली चक्राच्या फिरण्याने पाणी चढविणारा पंप घडविला. भारतात तयार झालेला अशा प्रकारचा हा पहिला पंप मानला जातो.

या पंपाची रचना मोठी मनोवेधक आहे. त्याच्या पोटात वाकड्या पात्यांचे एक चक्र असते. ते वेगाने फिरू लागले, म्हणजे पाणी मध्यापासून कडेकडे फेकले जाते. ओला छत्रीदांडा गरगर फिरविला असता थेंब जसे बाहेर उडतात, तसाच हा प्रकार. बाहेर फेकल्या जाणाऱ्या पाण्याला पंपाचे कवच अडविते. त्याचा वेग कमी होतो आणि त्या वेगाचे रूपांतर दाबात होते. हा दाब पाण्याला नळातून उंच ढकलतो. इकडे चक्राच्या मध्यभागी दाब घटतो, म्हणून विहिरीतील पाणी तेथे आपोआप ओढले जाते. मात्र पंपाच्या पोटात आधी पाणी भरलेले असावे लागते. आत हवा राहिली, तर चक्र कितीही फिरले तरी पाणी चढत नाही.

शेतकऱ्याचा हा मित्र आगीचा शत्रूही ठरू शकतो. आग पेटती राहण्यास तीन गोष्टी लागतात. जळण्याजोगी वस्तू, हवेतील प्राणवायू आणि पुरेशी उष्णता. यांपैकी एक काढून घेतली, की आग विझते. पाणी आगीतील उष्णता हिरावून घेते. त्याची वाफ होताना ते फार मोठी उष्णता शोषते आणि ती वाफ हवेलाही काही अंशी दूर सारते. परंतु पाणी विहिरीत असून भागत नाही. ते जेथे आग असेल तेथे, योग्य वेळी आणि पुरेशा जोराने पोहोचावे लागते. पाणी १० मीटर उंच चढवावयाचे, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब लागतो. उंच इमारतीत हाच हिशेब मजल्यागणिक वाढत जातो. घागरींच्या रांगा तेथे काय कामाच्या? तेथे पंपच हवा.

कारखाना असा भरभराटीस आला. १९४६ साली पुण्यास डिझेल इंजिने तयार करणारा आणि बंगळूरला विजेची यंत्रे तयार करणारा असे दोन नवे उद्योग किर्लोस्करांनी उभारले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन आले होते आणि कामाचा भार आता पुढच्या पिढीने उचलला होता. देश स्वतंत्र झाला. लक्ष्मणरावांनी पाहिलेली स्वावलंबनाची स्वप्ने खरी होण्याचा काळ आला, असे वाटू लागले.

तोच ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस महात्मा गांधींची हत्या झाली. सारा देश शोकात बुडाला. मारेकरी ज्या जातीचा होता, त्या जातीच्या निरपराध लोकांवर दक्षिण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी संतप्त जमाव चालून गेले. घरे जाळली गेली, दुकाने लुटली गेली. अहिंसेच्या उपासकाचा शोक हिंसेने व्हावा, याहून दुःखाची गोष्ट कोणती? या वणव्यात किर्लोस्करवाडीही सापडली. ज्या गावाने जातिभेदाला दारात उभे केले नव्हते, त्याच गावातील कारखान्याला जातिद्वेषाने आग लागली. अडतीस वर्षांच्या कष्टांचे मोठे नुकसान झाले. भट्टीच्या चौकटीत राहून ज्याने इतकी वर्षे चाकरी केली, तोच अग्नी माणसांच्या क्रोधाने चौकटीबाहेर आणला होता.

लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्या वयात माणूस केलेल्या कामाकडे समाधानाने पाहत बसतो. त्यांच्या वाट्याला जळालेल्या कामाचा ढिगारा आला. सूडाने पेटून उठावे, किंवा सारे सोडून दूर निघून जावे, असे मनात येणे स्वाभाविक होते. यांपैकी काहीही झाले नाही. त्याच माळावर, त्याच परिसरातील माणसांना बरोबर घेऊन कारखाना पुन्हा उभा राहिला. भट्ट्या पुन्हा पेटल्या आणि नांगर व पंप पूर्वीप्रमाणे बाहेर पडू लागले. रंगांचे डोळे नव्हते, तेव्हा त्यांनी रेषा धरली होती. बेळगावची जागा गेली, तेव्हा माळ धरला होता. राखेतून उठण्याचे हे बळ त्यांच्या साऱ्या आयुष्यातून साठत आले होते आणि ते त्यांच्या माणसांतही उतरले होते.

औंध संस्थान १९४८ सालीच मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला. १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले आणि किर्लोस्करवाडी आज याच जिल्ह्यात आहे. ते नाव पाहावयास लक्ष्मणराव राहिले नाहीत. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

लक्ष्मणरावांनी लावलेल्या रोपाची एक फांदी आज आगीपासून रक्षण करण्याच्या कामीही आली आहे. किर्लोस्करांच्या उद्योगात आता मोठ्या इमारतींसाठी अग्निशमनाचे पंपही तयार होतात. शहरांतील मोठी दुकाने, गोदामे, रुग्णालये, नाट्यगृहे यांच्या तळाशी पाण्याची एक टाकी केवळ आगीसाठी राखून ठेवलेली असते. तिच्या शेजारी पंप बसविलेले असतात. एक लहान पंप नळांतील दाब सतत कायम राखतो. आग लागून पाणी वाहू लागले, की दाब उतरतो आणि विजेवर चालणारा मोठा पंप आपोआप सुरू होतो. आगीच्या वेळी पुष्कळदा वीज बंद पडते किंवा बंद करावी लागते. अशा वेळेसाठी तिसरा पंप डिझेल इंजिनावर चालणारा असतो. टाकी शक्यतो पंपापेक्षा उंच पातळीवर असते, म्हणजे पंपाचे पोट सदैव पाण्याने भरलेले राहते.

या पंपांचे पाणी छताखालच्या नळांतून इमारतभर खेळविलेले असते. नळांना ठिकठिकाणी लहान तुषारमुखे बसविलेली असतात. हेन्री पार्मेली नावाच्या अमेरिकन कारखानदाराने १८७४ साली आपल्या पियानोच्या कारखान्याला आगीपासून वाचविण्यासाठी अशी मुखे तयार केली. फ्रेडरिक ग्रिनेल यांनी पुढे त्यांत मोठी सुधारणा केली. आजच्या तुषारमुखाचे तोंड एका नाजूक काचेच्या कुपीने बंद केलेले असते. कुपीत एक द्रव असतो. खाली आग पेटली आणि कुपी तापली, की द्रव फुगतो, काच फुटते आणि पाण्याचा तुषार सुरू होतो. लाल द्रवाची कुपी सुमारे ६८ अंश सेल्सिअसला फुटते. एक मुख उघडले म्हणजे सारीच उघडतात, असा पुष्कळांचा समज असतो, पण तो खरा नाही. जेथे उष्णता पोहोचते, तेवढीच मुखे उघडतात. त्यामुळे आग लहान असतानाच तिला गाठता येते आणि माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो.

ही सारी व्यवस्था वर्षानुवर्षे मुकाट उभी असते. तिची गरज एखाद्याच क्षणी लागते आणि त्या क्षणी ती चुकली, तर सारेच चुकते. टाकी रिकामी असेल, झडप कोणी बंद करून ठेवली असेल, किंवा इंजिनाची बॅटरी उतरली असेल, तर उत्तम पंपही लोखंडाचा निर्जीव तुकडा ठरतो. म्हणून महाराष्ट्रात २००६ साली आग प्रतिबंध आणि जीवसंरक्षक उपाययोजना यांविषयीचा कायदा करण्यात आला. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या मालकांनी किंवा वापरणाऱ्यांनी ही साधने सुस्थितीत असल्याचा दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावयाचा असतो. संकट आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते येण्यापूर्वी जागे राहणे हेच खरे शहाणपण होय.

यंत्रांनी आगीपासून पुष्कळ रक्षण होते, परंतु सर्व आगींवर यंत्रे पुरी पडत नाहीत. तार तापून, ठिणगी उडून किंवा निष्काळजीपणाने लागलेली आग पंप विझवील. किर्लोस्करवाडीवर आलेली आग प्रथम माणसांच्या मनात पेटली होती. तेथे तुषारमुखे बसविता येत नाहीत. ती विझविण्याचे पाणी विवेकाच्या विहिरीतूनच काढावे लागते आणि ती विहीर प्रत्येकाला स्वतःच खणावी लागते. लक्ष्मणरावांनी दूर लोटलेल्या माणसांना जवळ केले आणि आपले जळाल्यावरही त्याच मुलखात कामाला हात घातला. कारखाना जाळणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. किर्लोस्करवाडी मात्र उभी आहे आणि तेथे घडलेले पंप आजही पाणी वर चढवीत आहेत.